पाण्याला नको म्हणणारा निरोप्या

ओल्या जाळ्याचा वास आला की मला पूर्णगडच्या घराचं अंगण आठवतं. मी तेव्हा रत्नागिरीच्या कॉलेजात होते. त्या दुपारी पडवीत बसून जुन्या इंग्रजी आणि फ्रेंच शोकांतिकांची तुलना लिहीत होते. इंग्रज नाटककार मरण रंगमंचावर दाखवतो, फ्रेंच नाटककार कुणाला तरी पाठवून ते नुसतं कळवतो, म्हणून तो फिका, असं मी ठासून लिहिलं. एवढ्यात बाबांबरोबर बोटीवर जाणारे खलाशीकाका अंगणात येऊन उभे राहिले. "काका, वर या ना," म्हणत मी पाण्याचा तांब्या पुढे केला. "नको गो बाय, पाणी नको." मरणाचा निरोप घेऊन आलेला माणूस आमच्याकडे घरात पाऊल ठेवत नाही की पाणी घेत नाही. माझ्या ते लक्षातच आलं नाही. आतून ऐकणारी आई मात्र मटकन खाली बसली. काकांनी अजून बाबांचं नावही घेतलं नव्हतं. आता मी तीच नाटकं शिकवते. फ्रेंच नाटकात निरोप्या येतो तेव्हा मुलं कंटाळतात, "मॅडम, इथे काहीच घडत नाही," म्हणतात. मी टेबलावरची पाण्याची बाटली बाजूला सारते आणि ते पान पुन्हा मोठ्याने वाचायला लावते.