आमटीची स्प्रिंग आणि रेसची स्प्रिंग

माझ्या मोटारसायकलचे शॉकअप इतके कडक होते, की रस्त्यात पडलेल्या चाराण्यावरून चाक गेलं तर खाली छापा आहे की काटा, हे मला बसल्या जागी कळायचं. लालबागमध्ये ही गोष्ट मी शंभर लोकांना सांगितली. त्यातल्या नव्व्याण्णवांनी विश्वास ठेवला. शंभरावी माझी आई होती.

आई खानावळ चालवायची. चाळीतल्या दोन खोल्यांत एका वेळी चाळीस माणसं जेवायची, सगळी कोकणातली, सगळी गिरणीतली. संप सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, पंधरा दिवसांत मिटेल. मग पंधरा दिवसांचे महिने झाले. जेवणारे एकेक करून ट्रंक उचलून गावाला गेले. शेवटी दोन पाट उरले. एकावर मी, गिरणीतला बदली कामगार, आता पूर्णवेळ मोकळा. दुसऱ्यावर एक टर्नर. गिरणीच्या वर्कशॉपमध्ये त्याने वीस वर्षं लेथ चालवलं होतं आणि आता परळच्या एका गल्लीतल्या कारखान्यात तो तेच करत होता. त्याला मी मिस्त्रीकाका म्हणायचो. चाळीस माणसांचा हात असलेली बाई दोघांचा स्वयंपाक करायला बसली, की मीठ चुकतं. आईचं रोज चुकायला लागलं. आम्ही भात वाढवून घ्यायचो.

अशात शिवडीच्या एका गोदामाच्या मुकादमाने निरोप धाडला: सोळा माणसं आहेत, भात आणि माशाची आमटी, दुपारी साडेबाराला, गरम. आठवडाभर बघतो, जमलं तर कायमचं. आईने त्या दिवशी चाळीस माणसांचा टोप माळ्यावरून खाली काढला आणि चिंच लावून असा घासला, की समोरच्या बिऱ्हाडातला माणूस त्यात बघून दाढी करू शकला असता. हे काम गेलं असतं, तर खानावळ बंद करून तिला गावी जावं लागणार होतं. गावच्या घराची किल्ली तिने कपाटातून काढून खिळ्याला लावून ठेवली होती.

आता आमटी न्यायची कशावर, तर माझ्या मोटारसायकलवर. आणि ती तर मी रेससाठी सजवलेली. दर रविवारी सकाळी शिवडीत एका ओसाड आवारात आम्ही सात-आठ जण तेलाचे रिकामे ड्रम मांडून, चुन्याच्या रेषा मारून गाड्या पळवायचो. तिथली जमीन सिमेंटची, गुळगुळीत. कडक स्प्रिंगवर गाडी वळणात अशी बसायची, जशी काय जमिनीला गोंदाने चिकटवलीय.

पण लालबाग ते शिवडी रस्ता सिमेंटचा नव्हता. दगडी फरसबंदी, खड्डे, आणि गोदामांकडे वळताना मालगाडीचे आडवे रूळ. मंगळवारी मी भाताचा डबा पुढे टाकीवर घेतला, आमटीचा टोप मागे कॅरिअरला बांधला, झाकणावर फडकं आवळलं आणि निघालो. पोचलो तेव्हा अर्धी आमटी माझ्या पाठीवर होती. लालबागपासून माझ्या मागे लागलेली मांजरं मी मोजली नाहीत, पण मिरवणूक म्हणायला हरकत नव्हती. बुधवारीही तेच. मुकादम घाटावरचा, आवाज चढवायचा नाही. त्याने टोपात डोकावून बघितलं.

"पोरा, आईला सांग, आमटी चांगली असते. तुझ्या शर्टाच्या वासावरनं कळतं."

माणसं हसली. मुकादम हसला नाही. "उद्या आम्ही गाडी भरायला बाहेर हाय. शुक्रवारी एकदा बघतो. मग दुसरीकडे सांगणार."

संध्याकाळी मी मिस्त्रीकाकांना गाठलं. म्हटलं, बाजारातून मऊ शॉकअप आणून लावू का? पण मग रविवारी वळणात गाडी झोपाळ्यासारखी हलणार, पाय ठेवायचा पायटा जमिनीला घासणार. की आहेत तेच ठेवून हळू जाऊ? पण हळू गेलो तरी स्प्रिंग दगडावरून उडतेच.

काकांनी विडी विझवली. "आठवड्यात रेस किती दिवस?"

"एक."

"आणि आमटी?"

"सहा."

"मग स्प्रिंग आमटीची घे आणि रेसपुरती आवळ. रेसची घेऊन आमटीपुरती सैल करायला गेलास तर ती दोन्हीकडे बोंबलणार. आणि ऐक, आवळली म्हणून स्प्रिंगची जात बदलत नाही. ती फक्त आधीच थोडी दाबून बसते. उडणं हे तिचं काम, तिला गप्प बसवणं आतल्या तेलाचं."

त्यांनी एका रात्रीत जे केलं, त्याला परदेशात म्हणे कारखाने लागतात. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेली दुसरी नळी चढवली. तिच्यावर दोन चकत्या: एक फिरवली की स्प्रिंग वर उचलायची, दुसरी तिला जागेवर घट्ट धरायची. स्प्रिंगा भंगारातून निवडून आणलेल्या, मऊ. तेल थोडं जाड. आट्यांवर कानशीने दोन खुणा केल्या, खालची आमटीची, वरची रेसची.

गुरुवारी दुपारी काकांनी अर्धी रजा टाकली आणि टोपात पाणी भरून आम्ही रूळ ओलांडले. खालच्या खुणेवर स्प्रिंग तळाला आपटली, पाणी गेलं. वरच्या खुणेवर गाडी उडाली, पाणी गेलं. मधे कुठेही ठेवा, पाणी जातच होतं. मी तर मान टाकली. काका मात्र टोपाकडे बघत उभे राहिले, मग तो त्यांनी सोडवला, माझ्या मागे बसले आणि मांडीवर घेतला.

"खालच्या खुणेपासून चार आटे आवळ आणि चल."

ओंजळभर पाणी सांडलं, बस.

"कॅरिअर लोखंडाचा आहे," काका म्हणाले. "तिसरा शॉकअप माणसाच्या मांडीत असतो. पण शुक्रवारी मला कामावरून सुट्टी नाही. मागे बसणार कोण?"

आम्ही दोघांनी घरी येऊन आईकडे बघितलं. ती जन्मात मोटारसायकलवर बसली नव्हती. काका दबकत म्हणाले, "वहिनी, आटे मोजायला वजन लागेल. साधारण किती धरू?"

चुलीकडून उत्तर आलं, "तुमका वजन कित्याक व्हया? भात वाढताना कधी इचारलंत?"

काकांनी अंदाजाने आणखी तीन आटे आवळले. रेसची खूण तिथून जेमतेम अर्ध्या बोटावर राहिली होती.

शुक्रवारी आई लुगडं खोचून माझ्या मागे, एका बाजूला पाय सोडून बसली. मांडीवर जाड गोणपाट, त्यावर बांगड्यांच्या आमटीचा टोप. गणपती झांजा वाजवत गेला असता तरी इतकी माणसं खिडक्यांत जमली नसती. फरसबंदीवर गाडी बोटीसारखी खालीवर होत राहिली, पण आपटली नाही. रूळ आले तेव्हा मी म्हटलं, "आई, धर."

"मी धरलंय. तू म्होरं बघ, झिला."

मागे नुसता 'डुबुक' असा आवाज झाला.

मुकादमाने झाकण उचललं. आमटी टोपाच्या काठाखाली दोन बोटं, तिच्या मूळ जागेवर. तो आधी जेवला, मग माणसांना बसवलं, आणि हात धुतल्यावर आईला म्हणाला, "मावशी, सोमवारपासून कायमचं. धक्क्याला बोट लागली की रविवारीसुद्धा जेवण लागेल. ह्या रविवारी लागतेय."

मी तोंड उघडलं. रविवारी फायनल होती, आणि गेल्या तीन वेळा मी दुसरा आलो होतो. खरं सांगायचं तर चौथा.

"येतलंय," आई म्हणाली.

रविवारी आम्ही त्या आवाराजवळून गेलो तेव्हा माझे दोस्त चुन्याच्या रेषा मारत होते. एकाने हात केला, मी हँडल सोडू शकलो नाही.

मागून आई म्हणाली, "ह्या काय ता तुझा रेसचा?"

"हो."

तिने वळून त्या रेषा बघितल्या. मग टोप सावरून म्हणाली, "बरा दिसता. पण तू दमान घे, पुढे रूळ आसत."