स्प्रूसपलीकडची तार

व्हर्ना हॅल्डोरसनचा उजवा खांदा मार्चमध्ये बर्फ उपसताना निखळला, आणि कॅनडातल्या गिमली गावच्या हौशी रेडिओ मंडळात गलोलीचा प्रश्न उभा राहिला.

दर जूनअखेर मंडळी मैदानात तंबू ठोकून जगभरच्या हौशांशी रेडिओवर बोलत बसतात. त्यासाठी अँटेनाची तार उंचावर हवी. गलोलीने शिशाचं वजन बांधलेली गळाची दोरी म्हाताऱ्या स्प्रूसच्या झाडावरून पलीकडे टाकायची, मग तिला तार बांधून ओढून घ्यायची. ही गलोल कायम व्हर्नाची.

"यंदा तू बटाट्याचं सॅलड बघ," मंडळाचा अध्यक्ष ऑर्वल पेनर म्हणाला. "गलोल मी मारतो."

"तू? गेल्या वर्षी बसताना तुझी खुर्ची चुकली होती."

"मोडकी होती ती."

"मोडकी नव्हती, बाजूला होती."

मंडळी हसली, पण गलोल ऑर्वलकडेच गेली. बटाटे सोलण्याचं दुःख नव्हतं. गलोल गेली की मंडळात आपण फक्त लॉइडची बायको उरणार, हे व्हर्नाला खुपत होतं. तिने गॅरेजचं दार लावून घेतलं.

भंगारातल्या ड्रोनच्या मोटरी, हॉकीच्या मोडक्या काठ्यांचे चार हात, आइस्क्रीमच्या डब्याचे पाय. यांतून ती दोरी वाहून नेणारं ड्रोन जुळवू लागली.

"ही माझी काठी ना गं?" लॉइडने विचारलं.

"मोडली होती."

"मोडकी असली तरी लाभायची मला."

पहिल्या उड्डाणात ड्रोन झुरळासारखं पालथं पडलं. दुसऱ्यातही तेच.

"उडत नाहीये, लोळतंय," लॉइड म्हणाला.

जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केलेल्या बाईने चारही पंखे एकसारखे बसवले होते. तिरके समोरासमोरचे दोन एकीकडे फिरतात, उरलेले दोन उलटे. त्यांना पातीही उलटी लागतात. ती बदलली तेव्हा कुठे ते गवतावरून उठलं.

जूनअखेर मैदानावर ऑर्वलचं पहिलं शिशाचं वजन तंबूत शिरलं, दुसरं त्याच्याच गाडीच्या काचेवर आदळलं.

"आता व्हर्नाला बघू दे," कुणीतरी म्हणालं, आणि ऑर्वल गाडीची काच तपासायला गेला.

ड्रोन डुलत, कुरकुरत वर गेलं, शेंड्यावरून पलीकडे झालं. दोरी मागे लोंबत होती. तेवढ्यात बॅटरी संपली. पंखे थांबले आणि ते सरळ झाडापलीकडच्या जेवणाच्या टेबलावर, बटाट्याच्या सॅलडमध्ये पडलं.

ऑर्वलने मेयोनीज गळणारं ड्रोन दोन बोटांनी उचललं. "पडलं की हे."

"मग दोरी खाली कशी यायला हवी होती, शिडीने?"

त्याने वर बघितलं. दोरी शेंड्यावरून दोन्हीकडे सरळ लोंबत होती. एकही फांदी आडवी आली नव्हती. तो दोरीला तार बांधून ओढू लागला.

तार ताणून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "आणि सॅलडचं?"

"मी माझ्या वाटणीचं सकाळीच केलं होतं," व्हर्ना म्हणाली आणि बटाट्याची सालं काढायची सुरी त्याच्या हातात देऊन रेडिओसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली.