डाळीचं पाणी

मला लोक 'मेंदूच्या आजारांवर कादंबऱ्या लिहिणारा शास्त्रज्ञ' म्हणतात. सभेत हार घालताना म्हणतात, तेव्हा मीही मान डोलावतो. खरं असं की शास्त्रज्ञ म्हणून मी बेताचाच होतो, आणि कादंबरीकार झालो तो एका घरात वेळेवर तोंड उघडलं नाही म्हणून.

आमचं गाव अड्याळपासून तासाभराच्या पायवाटेवर. धान कापायच्या आधी, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, ओल असतानाच उभ्या पिकात लाखोळीचं बी फेकायचं ही आमच्याकडची रीत. नांगर नको, खत नको. धान बुडालं तरी लाखोळी येते. तिची डाळ, तिचं पीठ, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी. मी त्यावरच वाढलो, नागपूरला रसायनशास्त्र शिकलो आणि सत्तरच्या दशकात तिथल्याच एका प्रयोगशाळेत लागलो. तिथं कळलं की लाखोळीत एक विष असतं. महिनोन्‌महिने तीच डाळ पोटात गेली, दुसरं काही मिळालंच नाही, तर ते मज्जारज्जूवर जातं. पाय ताठरतात, टाचा टेकत नाहीत, चालताना पायात पाय अडकतो. माणूस मरत नाही. बराही होत नाही.

आमच्या तपासणीच्या फॉर्मात चार रकाने होते: बिनकाठी, एककाठी, दोनकाठी, रांगता. कुणी पाडले ठाऊक नाही, पण भारी सोयीचे. माणूस दारातून येताना दिसला की तो बसायच्या आत खूण करून मोकळं होता यायचं.

लागोपाठ दोन वर्षं धान हातचं गेलं तेव्हा आमची तुकडी पवनीकडच्या गावांतून फिरत फिरत आमच्या गावात आली. पहिल्याच दिवशी माझा थोरला भाऊ काठी टेकत समोर आला. मला शिकता यावं म्हणून स्वतः शाळा सोडून नांगर धरलेला भाऊ. मी 'एककाठी'वर खूण केली. तो बसायच्या आत केली, याची मला अजून लाज वाटते.

"काहून रे, पेनानं बरा होतो का मी?" त्यानं हसून विचारलं.

गेलेले पाय परत येणार नव्हते, पण पुढचं थांबवता येत होतं. डाळ सोडा म्हणणं सोपं, दुसरी आणायची कुठून? म्हणून आम्ही एक उपाय सांगत फिरत होतो. डाळ भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं, मग नव्या पाण्यात शिजवायची. बरंचसं विष पहिल्या पाण्यात उतरतं. आमच्या चुलीपुढे बसून मी वहिनीला हे करून दाखवलं. तिच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी होती. शेजारी माय बसली होती. जन्मभर तिनं आम्हाला हीच डाळ रांधून घातलेली. तिच्यादेखत 'विष' हा शब्द माझ्या जिभेवर येईना. म्हटलं, "असं केलं की डाळ हलकी होते, पचते. पाणी तेवढं काढायचं." गावोगाव विष विष म्हणून ओरडत फिरलो होतो. घरात मात्र शहाणपणा केला.

"बस, एवढंच ना भाऊजी? करीन मी," वहिनी म्हणाली.

ती शब्दाची पक्की.

पाच महिन्यांनी गेलो, तर भाऊ दोन्ही हात टेकून, बूड घासत ओसरीवर आला. दोनकाठीचा रकाना त्यानं कधी ओलांडला ते मी पाहिलंच नाही. माझं डोकं फिरलं. वहिनी गोठ्यातून येत होती, तिच्यावरच ओरडलो. "पाणी काढायला सांगितलं होतं ना? नसेल काढलं!"

"काहून नाई काढलं? एक दिवस खाडा नाई केला," ती भावाकडे बोट करत म्हणाली. "डाळ आमी सारे खातो. पानी यायले देतो, रोज मोठा गिलासभर. बिमार मानसाले डाळीचं पानीच देतेत ना? सारं सत्त्व त्यातच असते."

खरंच होतं तिचं. आमच्याकडे तापकऱ्याला, आजाऱ्याला, बाळंतिणीला डाळीचं पाणी देतात. मलाही लहानपणी दिलेलं आहे. प्रयोगशाळेतल्या कुणाला हे सुचलं नाही, कारण ते त्या गावचे नव्हते. मी होतो. ती स्वतः ओली बाळंतीण, ते पाणी रीतीनं तिच्या वाट्याचं. तिनं ते नवऱ्याला पाजलं. सगळ्या घरानं टाकून द्यायचं विष एकट्या भावाच्या पोटात गेलं.

वहिनी माझ्याकडे बघत उभी होती. "काही चुकलं का जी माह्यं?"

"नाही," मी म्हणालो. "पण आता नका देऊ. उष्ण पडतं त्याला."

भावाच्या नावापुढे नवी खूण झाली, अहवाल वर गेला. त्यात वहिनीसाठी रकाना नव्हता, माझ्यासाठी तर नव्हताच. मला झोप येईना, काम सुचेना. शेवटी नोकरी सोडली आणि कादंबरी लिहिली. नावं बदलली, गाव बदललं, पाणी तेच ठेवलं. आजाराचं चित्रण किती अचूक, असं छापून आलं. पुढे मी कंपवातावर लिहिलं, फिटांवर लिहिलं, विस्मृतीवर लिहिलं. परक्याच्या घरचे आजार लिहायला सोपे जातात.

ती पहिली कादंबरी सात-आठ वर्षांनी छापून आल्यावर गावी घेऊन गेलो. भाऊ म्हणाला, वाच. तीन दुपारी ओसरीवर बसून वाचली. वहिनी जवळच सुपात तांदूळ निवडत ऐकायची. "ही बाई तं माह्यासारखीच हाय," एकदा ती खूश होऊन म्हणाली. तिसऱ्या दुपारी ते पाण्याचं प्रकरण आलं आणि मी चार पानं एकदम उलटली.

ती विहिरीवर गेल्यावर भाऊ म्हणाला, "पानं सोडली तू."

मी पुस्तक मिटलं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं. उष्ण पडते म्हणला ना तू, तवा तुह्या तोंडावरच दिसलं. मी तिले काही बोललो नाई. मरेपर्यंत बोलनार नाई." त्यानं पुस्तक हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "आन तू छापलं. तिले वाचता येत नाई, म्हणून लिवलं ना?"

मी पुस्तक त्याच्या हातून परत घेतलं.

वहिनी आली. हंडा उतरवून पदरानं हात पुसत म्हणाली, "भाऊजी, पुस्तक ठिवून जा जी. पोरगी औंदा तिसरीत गेली, फराफरा वाचते. ते मले सारं पयल्यापासून वाचून दाखवन."

"एकच प्रत आहे," मी म्हणालो.

"मंग पुढच्या खेपेले आनजा."

भाऊ खाली मान घालून बसला होता. मी पुस्तक पिशवीत कोंबलं आणि चहा न घेताच अड्याळची वाट धरली.