बंद घरांच्या गल्लीत

परतूरकडच्या एका गावात मी बारा वर्षं शिक्षक होतो. पैकी नऊ वर्षं तिथेच, बौद्ध वस्तीत, एका मावशींच्या दोन खोल्यांत राहिलो. त्यांचा मुलगा लग्न करून परत आला, तेव्हा खोल्या सोडणं भाग होतं.

गावात घरं नव्हती असं नाही. शाळेसमोरच्या गल्लीत निम्म्या दारांना कुलूप होतं. तिथली पोरं जालन्याला, पुण्याला कायमची गेली होती आणि फक्त दिवाळीला चार दिवस येत होती. त्यातल्या बऱ्याच जणांना सातवीत मी शिकवलं होतं.

शाळेच्या अगदी समोरचं घर अशाच एका विद्यार्थ्याचं. वडील वारल्यावर त्याला ते विकायचं होतं. मी पुण्याला फोन केला.

"सर, तुम्ही घेताय म्हणल्यावर प्रश्नच न्हाई," तो म्हणाला. "किल्ली काकांकडं आहे. बघून घ्या."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच्या काकांकडे गेलो. ते ओसरीवर बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत.

"घर विकायचं न्हाई, मास्तर."

"काल तुमचा पुतण्या हो म्हणाला."

"त्याला काय कळतं? आम्हाला गल्लीचं बघावं लागतं."

"गल्लीत राहतंय कोण?"

काका बाजूला वळले. पान थुंकले आणि म्हणाले, "सडकेला नवे प्लॉट पडू राह्यले. तिकडं बघा. तिकडं सगळे चालतात."

चालतात हा शब्द मी घरी जाईपर्यंत चघळत राहिलो. रात्री पुण्याचा फोन आला. "सर, समजून घ्या. आम्हाला गावात यावं लागतं."

"चार दिवस," मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याच्याशी बोललो नाही. अजूनही बोलत नाही.

आणखी तीन घरांची दारं वाजवली. एका घरात आधी आडनाव विचारलं, मग घर दुरुस्तीला काढलंय म्हणाले. शेवटी मी परतूरला भाड्याने राहायला गेलो. शाळेसमोरच्या घरात त्याच हंगामात सोयाबीनची पोती रचली गेली. वर्गाच्या खिडकीतून ती दिसायची. पोत्यांना आडनाव नसतं.

वर्षभराने ग्रामसभा भरली. शिक्षक गावात मुक्कामी राहत नाहीत, म्हणून पोरं मागे पडतात, अशी तक्रार आली. ती करायला तेच काका उभे राहिले.

"पगार गावाचा खायचा अन् झोपायला परतूर. हे बराबर न्हाई."

मी उठलो. "मला आज किल्ली द्या. सामान संध्याकाळपर्यंत आणतो."

सरपंचांनी कागद उलटसुलट केले. मग शिक्षकांच्या विरोधातला ठराव हात वर करून मंजूर झाला. फक्त माझ्या वस्तीतल्या लोकांनी हात वर केले नाहीत. शेजारी बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, "बसा सर, यांना लाज न्हाई."

पंधरवड्यात वरून खुलासा मागवणारं पत्र आलं. मी लिहिलं: गावात राहण्यास तयार आहे, जातीमुळे घर नाकारले जाते. कोणती घरं, कोणी नाकारली, तेही खाली लिहिलं.

मुख्याध्यापकांनी कागद वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "घर उपलब्ध नाही, एवढंच लिहा ना. गावाशी वाकडं कशाला?"

"घरं उपलब्ध आहेत," मी म्हणालो.

तोच कागद पुढे गेला. चौकशीला कुणी आलं नाही. माझी बदली मात्र झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, टेंभुर्णीच्या बाजूला. निरोपाचा कार्यक्रम गावाने ठेवला होता, शालही आणली होती. मी गेलो नाही.