तळ्यातले दार

इंदूअक्का निलजकर यांची आणि माझी ओळख एका दारामुळे झाली. बंगळुरूच्या येलहंक्यात मी त्यांच्या शेजारी नुकतीच राहायला आले होते. त्यांच्या फाटकाशी टेम्पो उभा होता आणि त्यात चौकटीसकट एक जुने दार. ते कुठे बसवायचे, असे टेम्पोवाल्याने विचारले.

“तळ्यात,” अक्का म्हणाल्या.

“स्वल्प, थोडं नीट सांगा, अक्का.”

अक्कांनी मला हाक मारली आणि दाराचे दुसरे टोक धरायला सांगितले. तेव्हापासून मी त्यांच्याकडे लघुपट करायला शिकते आहे.

ते दार एका कवितेतले होते. कविता अक्कांचे निपाणीच्या शाळेतले शिक्षक गोविंदमास्तर यांची. एक बाई तळ्यात उभे असलेले दार रोज उघडते. पलीकडेही तळेच असते. मास्तरांनी अक्कांना त्यावर लघुपट करायला परवानगी दिली ती एका अटीवर. कवितेतले काही गळाले, तर तो पुन्हा कुठेही दाखवायचा नाही. अक्कांनी शब्द दिला.

संकलनाच्या वेळी मी कविता मोठ्याने वाचत असे आणि त्या लयीवर अक्का दृश्ये कापत. ओळ संपली की दृश्य संपे. शेवटी त्यांनी माझा आवाज काढून टाकला आणि लघुपट मूकच ठेवला. मी हिरमुसले. आवाजाचे काम झाले, आता ते दिसते आहे, असे त्या म्हणाल्या. श्रेयनामावलीत मात्र ‘आवाज’ म्हणून माझे नाव त्यांनी सर्वांत आधी घातले.

त्या नावाने घोटाळा केला. मराठी मंडळातल्या पहिल्या खेळाला आवाज येईना, तेव्हा यंत्र बिघडले असे समजून चिटणीसांनी लघुपट थांबवला. खरे कारण कळल्यावर, निदान कविता तरी कुणी वाचावी, असे त्यांनी सुचवले. अक्कांनी नकार दिला आणि लघुपट पहिल्यापासून लावायला सांगितला. पुढच्या रांगेत मास्तर बसले होते.

दार उघडले, मिटले. मास्तरांचे बोट काठीच्या मुठीवर ताल धरत होते. दृश्य संपे तिथे बोट थांबे. दिवे लागले, तरी टाळी वाजली नाही. सगळे मास्तरांकडे पाहत होते.

“इंदू,” ते म्हणाले, “एकही ओळ गाळली नाहीस.”

मग टाळ्या थांबेनात. चिटणीसांनी लघुपट आपणहून पुन्हा लावला.

अक्कांना आता पंचाहत्तर पूर्ण होत आहेत. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, पाय असेच पाण्यात उतरत राहोत, आणि निरोगी वर्षे त्यांना भरभरून मिळोत. त्यांनी पुन्हा टेम्पो बोलावला आहे. काय उचलायचे, ते सांगितलेले नाही. दुसरे टोक धरायला मी तयार आहे.