गमछ्याची गाठ

शेजारचे गृहस्थ भुलक्कड आहेत, हे सगळ्या नेपियर टाउनला ठाऊक आहे. लक्षात राहावं म्हणून ते गमछ्याला गाठ मारतात आणि ती कशासाठी मारली तेच विसरतात. मग संध्याकाळी माझ्याकडे येऊन विचारतात, "काहून मारली असेल जी?"

एकदा मी गमतीनं म्हटलं, "मला खव्याची जिलेबी आणणार होता ना!"

"अच्छा! बरं झालं, आठवण दिली." ते गेले, गरम जिलेबी घेऊन आले, आणि आम्ही दोघांनी ती बसून खाल्ली. पुढे रोजच तसं होऊ लागलं. बायको गेल्यापासून मी एकटा, तेवढीच संध्याकाळ गोड व्हायची. पण विसरभोळ्या माणसाला फसवतोय, हे मनाला टोचत होतं.

काल सगळं कबूल करायचं ठरवून मी खिडकीत बसलो. ते माझ्या फाटकाशी थांबले, इकडेतिकडे पाहिलं, गमछ्याला घट्ट गाठ मारली आणि मग कडी वाजवली.

"काहून मारली असेल जी?"

मी थोडा विचार केल्यासारखं दाखवलं. "आज तुम्ही माझ्याकडून जिलेबी खाणार होता."

"अच्छा! पाहा, साफ विसरून गेलो होतो," म्हणत ते माझ्या आधीच रस्त्याला लागले.