इंजिन थांबलं की गारवाही थांबतो: परभणी ते येलदरी

मराठवाड्याच्या उन्हात गाडी चालवणाऱ्यांनो, आपल्याला गाड्या विकल्या जातात थंडगार शोरूममध्ये आणि चालवाव्या लागतात वैशाखात. हे आपण किती दिवस मुकाट सोसणार?

माझी गाडी माइल्ड हायब्रिड. जादा बॅटरी इंजिनाला हातभार लावते, गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होतं, तेल वाचतं. आबा, माझे वडील, तरुणपणी येलदरीच्या धरणावर माती वाहत. छातीच्या दुखण्यातून उठल्यावर म्हणाले, "एकदा ते पाणी दाखव."

परभणीहून सकाळी निघालो. जिंतूरच्या पुढे सावकाश चालवा. धरणाखालच्या वीजघराकडे आबा बराच वेळ बघत बसले. टपरीवर तळलेला मासा आणि ज्वारीची भाकरी मिळते, स्वस्त आणि पोटभर.

मासे तळणारी बाई म्हणाली, "मामा, काटा बघून खा. घाई न्हाई."

"मला न्हाई, या पोराला हाय," आबा म्हणाले. "सांच्याला सभा हाय त्याची. लय बोलतंय."

परतताना भर दुपारी, जिंतूरच्या अलीकडे ट्रक उलटला होता. लांबच लांब रांग. गाडी थांबली, इंजिन बंद झालं. पंखा चालू, पण वारा गरम. कारण गारवा करणारा कॉम्प्रेसर अजून इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो, बॅटरीवर नाही. काच उघडली तर बाहेरची झळ. रांग हातभर सरके, इंजिन सुरू होई, लगेच पुन्हा बंद.

"आबा, बटण दाबून इंजिन चालूच ठेवतो."

"कशाला? तेल वाचायलंय. मशीनला कळतंय ते तुला कळंना."

त्यांनी माझा हात धरून ठेवला. थोड्या वेळाने ती पकड सैल पडली. मी बटण दाबलं, हाका मारल्या. जिंतूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी उन्हाचा झटका म्हणून सांगितलं आणि मान हलवली.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्यांतले दोघे अंगणात गाडीभोवती फिरून मायलेज विचारत होते. पुढची सीट आबांसाठी मागे कलती केली होती. ती अजून तशीच आहे.

इंजिनावरचं ओझं विजेवर न्यावं, याच मताचा मी आहे. पण ते अर्धवट नेऊन 'हायब्रिड' असं पुरं नाव लावू नका. तेल वाचवायचं ते माणसासाठी.

म्हणून गाडी घेण्याआधी एवढंच करा. टेस्ट ड्राइव्ह भर दुपारी मागा. गाडी उन्हात उभी करा, इंजिन आपोआप बंद होऊ द्या, एसीच्या जाळीसमोर हात धरून बसा. वारा गरम झाला, तर किल्ली परत द्या.